चितपट, पहिल्या वर्गाचा दोष

आर्या आणि सिद्धू,

हे तुमच्यासाठी लिहिते आहे, पण छापून येणार दिवाळी अंकात, म्हणजे तुमच्या आधी नांदेडमधले माझे जुने विद्यार्थी वाचणार. संपादकांनी खरं तर माझ्याकडे प्राध्यापकीच्या आठवणी मागितल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, त्या माझ्यापेक्षा विद्यार्थ्यांना जास्त खऱ्या आठवतील, त्यांनाच विचारा. मी निवृत्तीनंतर जे काम केलं त्याबद्दल लिहिते.

आताच का, ते आधी सांगते. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सिद्धूनं त्याच्या मेलबर्नच्या मित्राला माझा चेहरा दाखवला आणि सांगितलं की ही माझी आजी, ही रेसलर होती. तो मुलगा माझ्या अंबाड्याकडे आणि चष्म्याकडे बघत राहिला आणि फार सभ्यपणे "कूल" म्हणाला. तुमची आई गोष्टी अर्ध्याच सांगते, त्याचा हा परिणाम. दुसरं कारण असं की त्या कामाच्या वेळी मी एका करारावर सही केली होती. ठरावीक मुदतीपर्यंत बाहेर कुणाशी बोलायचं नाही. ती मुदत आता संपली. खेळाचं आणि कंपनीचं नाव मी तरीही सांगणार नाही, कारण गप्प राहायची एकदा सवय लागली की सुटत नाही. बाकी सगळं सांगते.

मी कुस्ती खेळले नाही. कुस्तीच्या एका व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाचं मी मूल्यमापन केलं.

तुम्ही सोफ्यावर लोळत हातात कंट्रोलर धरून खेळता, त्यातलाच तो प्रकार. टीव्हीला डबा जोडायचा, पडद्यावर दोन अवाढव्य माणसं चकचकीत चड्ड्या घालून येतात, धूर निघतो, गाणी वाजतात आणि मग ती एकमेकांना उचलून आपटतात. असा खेळ बाजारात येण्याआधी कुणीतरी तो रोज, सगळ्या बाजूंनी, मुद्दाम चुका करत खेळून बघावा लागतो आणि काय बिघडलंय ते लिहून कळवावं लागतं. दुसरा भाग असला की आणखी एक प्रश्न असतो: ज्यांनी पहिला विकत घेतला त्यांनी हा का घ्यावा? या कामासाठी मोठ्या कंपन्या जगभर लहान ऑफिसं शोधतात. तसं एक ऑफिस नांदेडच्या जुन्या भागात एका गादीघराच्या वरच्या मजल्यावर होतं. ऑफिस इरफानचं, गादीघर त्याचे वडील रशीदभाई यांचं. गाद्या भरायचा त्यांचा धंदा पिढ्यानपिढ्यांचा, तुमच्या आईच्या लग्नातल्या गाद्याही तिथल्याच.

इरफान माझा विद्यार्थी. इंग्रजीत बेताचा, पण माणूस ओळखण्यात हुशार. माझ्या निवृत्तीनंतर तो घरी आला आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "मॅडम, माझी पोरं खेळायला लई तरबेज हायत. दोष बरोब्बर पकडतेत. पण लिहायला बसले की कंपनीला कळंना, खेळ बिघडलाय का पोरं."

त्यानं एक नमुना दाखवला. त्यातला पैलवान जमिनीत जायलाला होता आणि यायलाला नव्हता. आपली मुलं मराठवाडा इंग्रजीतसुद्धा सोडत नाहीत.

"म्हणजे मेला का?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. गुडघ्यापर्यंत फरशीत रुतला. मग तो हलतच न्हाई."

मी तिथेच ते वाक्य नीट करून दिलं. लहान, सरळ, एकही शब्द फुकट नसलेलं. माझे वडील किनवटच्या वसतिगृहात शिकले आणि इस्लापूरला मास्तर होते. रेल्वेनं एक दिवस शिळं होऊन येणारं इंग्रजी वर्तमानपत्र ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेत आणि म्हणत, वाक्याचं कुलूप नीट लागलं पाहिजे. इरफाननं माझं वाक्य वाचलं आणि विचारलं, "सोमवारपासून येता का?"

मी गेले.

आता त्या ऑफिसवर कोणती टांगती तलवार होती तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वरच्या मजल्यावर पूर्वी इरफानचं गेम पार्लर होतं. ट्यूशनवरून सुटलेली पोरं जिन्यावर रांग लावून बसायची. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आले आणि रांग आटली. मग त्यानं हे मूल्यमापनाचं काम सुरू केलं. बारीकसारीक खेळ मिळत गेले, पण मोठी कंपनी पहिल्यांदाच मिळाली होती ती या कुस्तीच्या खेळाची. काम पसंत पडलं तर दरवर्षी मिळणार होतं. रशीदभाईंनी मुलाला स्पष्ट सांगितलं होतं, "बकरी ईदपर्यंत बघतो. वरचं पक्कं झालं तर ठीक. न्हाई तर जिना उतर अन् खाली गादीवर बस." गादीघराच्या मालकानं असं म्हटलं की त्यात धमकी किती आणि माया किती ते ओळखता येत नसे. इरफानला ते दोन्ही ऐकू येत असावं, कारण जिन्यावरून येताना तो दुकानाकडे बघत नसे.

पोरांमध्ये सगळ्यात तयार होती पूजा. लातूरकडची, औशाच्या बाजूच्या एका गावची. खरीखुरी कुस्ती खेळलेली, जिल्ह्यापर्यंत गेलेली; मग गुडघा गेला. मावशीकडे नांदेडला शिकायला आली आणि इथे लागली. ती कंट्रोलर धरायची तेव्हा तिचे खांदेसुद्धा हलायचे.

या धंद्यात दोष लिहायची एक रीत असते. प्रत्येक दोषाचे तीन भाग. मी काय केलं. काय व्हायला हवं होतं. काय झालं. शिवाय दोषाला वर्ग द्यायचा. बुटाच्या नाडीचा रंग चुकला तर तिसरा वर्ग. नियम मोडला तर दुसरा. पहिला वर्ग म्हणजे हे असंच राहिलं तर खेळ बाजारात जाऊच नये. मला ही रीत फार आवडली. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, पण प्रत्येक चुकीला इतकी नेमकी जागा कधी देता आली नव्हती.

आणि दोष काय एकेक! एकदा पंच हळूहळू हवेत चढायला लागला आणि छताजवळून निकाल देत राहिला. एकदा दोन्ही पैलवान भिंतीकडे तोंड करून शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे राहिले, आणि समालोचक ओरडत होता की असा तुंबळ सामना गेल्या कित्येक वर्षांत झाला नाही. आम्ही पोटं धरून हसलो. मग मी डोळे पुसून ते तीन भागांत लिहिलं.

थोड्याच दिवसांनी कंपनीनं कळवलं की ज्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नाही अशा माणसाचाही अनुभव हवा. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मॅडम," इरफान म्हणाला, "तुमच्याइतकं नवखं अख्ख्या नांदेडात कोण सापडंल?"

तर मी बसले. पदर खोचला आणि बटणं दाबली. माझ्या पैलवानानं समोरच्याला पाडलं, आणि मी तो उठायची वाट बघत थांबले. पडद्यावरचे प्रेक्षक माझी हुर्यो उडवायला लागले.

"मारा की मॅडम," पूजा म्हणाली.

"पडलेल्या माणसाला?"

"तो कॉम्प्युटर हाय."

"म्हणून काय झालं?"

तेवढ्यात तो कॉम्प्युटर उठला आणि त्यानं मला दोरांच्या बाहेर फेकलं. मी अहवालात लिहिलं की या खेळात सभ्यपणाला काहीच गुण नाहीत. कंपनीनं आभार मानले आणि कळवलं की तसंच ठरवलेलं आहे.

पण खोटं कशाला सांगू, महिनाभरात मला चटक लागली. सकाळी दूध तापवताना मी मनात डाव टाकायची. बातम्या देणाऱ्या बाईवर एकदा टीव्हीच्या रिमोटचं लाल बटण दाबून बघितलं. ती उलटी पडली नाही, नुसती बंद झाली. अंगठा सुजला तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "कशानं दुखावला?" मी म्हटलं, "कुस्तीनं." त्यांनी कंपाउंडरला आत बोलावून घेतलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या भागाचं मूल्यमापन करताना सारखं पहिल्या भागाशी ताडून बघावं लागतं. पूर्वी जे नीट चालत होतं ते नव्यात बिघडलं असेल तर तो मोठा दोष. आमच्याकडे पहिला भाग इरफानच्या जुन्या डब्यात होता, पार्लरच्या काळापासूनचा. सगळ्यांनी त्यावर दिवसचे दिवस खेळून घेतलं आणि मग नवा लावला. पहिल्याच आठवड्यात सगळ्या पोरांनी एकच दोष आणून माझ्या टेबलावर ठेवला. पहिल्या भागात पैलवानाचे दोन्ही खांदे टेकले की पंच त्याच क्षणी शिटी मारतो आणि निकाल लागतो. दुसऱ्या भागात पंच गुडघ्यावर बसतो, जमिनीवर हात आपटत एक, दोन, तीन मोजतो आणि तोवर खाली पडलेला माणूस खुशाल निसटतो.

"हे कसं चालंल मॅडम?" पूजा चिडली होती. "चीत झाला म्हंजे झाला. मोजायलेत काय?"

मी तिला विचारलं, "टीव्हीवरच्या त्या कुस्तीत मोजतात ना?"

"टीव्हीवर खुर्चीनं बी मारतेत," ती म्हणाली. "ते नाटक हाय. हा खेळ हाय."

मला ते पटलं. मला दोन्हीतलं काही माहीत नव्हतं आणि पोरांचं एकमत होतं. मी तो दोष इतका निःसंदिग्ध लिहिला की वाचणाऱ्याला शंका काढायला फटसुद्धा राहू नये. काय व्हायला हवं होतं: दोन्ही खांदे टेकताच सामना संपावा. वर्ग: पहिला.

पंधरवड्यानं खेळाची सुधारलेली प्रत आली. आम्ही सगळे खुर्च्या ओढून बसलो. धूर निघाला, ज्वाळा निघाल्या, एक पैलवान सिंहासनावर बसून आला, दुसरा वरून साखळीला लटकत आला, दोघांनी बराच वेळ एकमेकांना शिव्या दिल्या, घंटा वाजली, पूजानं एक बटण दाबलं, साखळीवाला पाठीवर पडला आणि सामना संपला. फटाके उडाले. सिंहासनवाल्याला पट्टा मिळाला.

"आत्ता कसं!" पूजा म्हणाली.

आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या दोषापुढे "दूर झाला" असं लिहून खाली सही केली.

त्यानंतर कंपनीकडून जो ईमेल आला तो मी इरफानला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि वाचताना माझा आवाज आपोआप लहान होत गेला. कंपनीत आमचं काम बघणारी बाई होती, तिला आपण हेलन म्हणू. हेलननं लिहिलं होतं की मोठमोठ्या दुकानदारांना बोलावून त्यांच्यासमोर खेळ लावला, आणि पाहुणे खुर्चीत टेकायच्या आत मुख्य सामना संपला. त्यांच्या नव्या प्रोग्रॅमरचं म्हणणं असं की नांदेडचा अहवाल वाचून त्याला वाटलं, नियम पहिल्या भागापासून असाच आहे. पहिल्या भागात असं कधीच नव्हतं. सोमवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर खुलासा करावा, त्यानंतर पुढच्या कामाचं ठरवू.

"असं कसं नव्हतं?" इरफान उठला. त्यानं जुना डबा लावला, पहिला भाग काढला, पूजाच्या पैलवानाला पाडला. शिटी वाजली. "हे बघा. हाय का न्हाई?"

मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. त्यानं खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक पान उलटलं. तिथे एका ओळीत लिहिलेलं होतं की निकालाआधी पंचानं किती मोजावं. समोर शून्य होतं.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"मीच," तो म्हणाला आणि जमिनीवर बसला. "पार्लर होतं तवा. डबा एक, जिन्यावर रांग. एकेक कुस्ती संपंना. म्हणून लावून टाकलं, पाठ टेकली की रिमोट पुढच्याला. मीच विसरून गेलो मॅडम."

आणि बाकी कुणाला शंका का आली नाही, तर ही सगळी पोरं जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेली. पाठ लागली की संपलं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. "काय व्हायला हवं होतं" ही ओळ माणूस स्वतःच्या गावावरून भरतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या ओळीवर एवढी भिस्त ठेवून मी कामाला बसले होते.

खुलासा मीच लिहून द्यायचा होता. पण जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर मला पुन्हा एक ओळही लिहायची नव्हती. रविवारी पूजाच्या गावी जत्रेच्या कुस्त्या होत्या. मी पूजाबरोबर सकाळच्या एसटीनं लातूरला उतरले आणि तिथून तिच्या गावी गेले.

पूजाचे वडील मैदानाच्या कडेला उभे होते. "जय भीम मॅडम. बसा," म्हणून त्यांनी खुर्ची दिली आणि माझ्या इस्त्रीच्या साडीकडे बघून खुर्चीवर एक गमछा पसरला. काही उपयोग झाला नाही. तांबडी माती गमछ्यातूनही आली.

तिथे मी पाहिलं की सामने आधी ठरलेले नसतात. एक पैलवान नुसता हात वर करून मैदानाला चक्कर मारतो. ज्याला लढायचं असेल तो गर्दीतून उठतो आणि त्याच्या हाताला हात लावतो. पंच दोघांना नजरेनं तोलतात, जोड बरोबरीची वाटली तर लावतात. एका मुलीनं चक्कर मारली तर तिच्या वयाची मुलगीच उठेना. मग एक मुलगा उठला. लोक हसायला लागले. तिनं त्याचा पट काढला, म्हणजे वाकून पाय धरून खेचला, आणि हसणं थांबायच्या आत त्याला चीत केला.

"हिचा गुडघा शाबूत हाय," पूजा हळूच म्हणाली. तिच्या बोलण्यात दुःख होतं की कौतुक ते मी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट पाहिली, ती कुणी सांगून मला पटली नसती. मोठी कुस्ती लागली तेव्हा हलगी थांबली आणि सगळं मैदान गप्प झालं. एक जण दुसऱ्याला पाठीवर पाडायच्या बेतात होता, एक खांदा टेकला होता, दुसरा मातीपासून बोटभर वर. एवढे लोक, पण मला पलीकडच्या भज्यांच्या गाड्यावर तेल तडतडताना ऐकू येत होतं. खांदा टेकला आणि मग जो आवाज उठला त्यानं माझी खुर्ची हलली. खरं तर मी उभीच होते. केव्हा उठले ते माहीत नाही.

सोमवारी संध्याकाळी हेलन पडद्यावर आली. चेहरा गंभीर, बाजूला आणखी एक गृहस्थ. इरफाननं शून्याची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. मी त्याला तेवढंच बजावलं होतं, एकही सबब जोडू नकोस. हेलन ऐकून घेत राहिली.

"मिसेस सोनकांबळे," ती म्हणाली, "सेटिंगमध्ये चूक झाली हे समजलं. पण इतक्या जणांतल्या एकालाही ते विचित्र वाटलं नाही, हे मला समजत नाही."

"ते सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे कुस्ती कुठे संपते ते बघा."

आम्ही तयारी केली होती. टेबलं भिंतीला लावली, रशीदभाईंच्या दुकानातली नवीकोरी दुहेरी गादी मधोमध टाकली. तिच्यावर पूजा उभी राहिली. समोर कुणी उभं राहायला तयार होईना.

"सर, तुम्हीच या," पूजा म्हणाली. "शून्य तुम्हीच लावलं की."

इरफान बूट काढून आला. तिनं त्याचा हात धरला, पाठ वळवली, आणि धोबी कपडा आपटतो तसा आमचा मालक तिच्या खांद्यावरून फिरून गादीवर आला. धप्प. खालून रशीदभाईंचा आवाज आला, "अरे, वर काय हत्ती बांधलेत?"

पडद्यावर हेलन पुढे वाकली होती. "माझ्या सहकाऱ्याचं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "पुन्हा दाखवाल?"

धप्प.

त्या गृहस्थांनी आणखी दोघांना बोलावून आणलं. "यांनाही," हेलन म्हणाली. इरफान उठत होता, त्याला पुन्हा आपटला. तोवर रशीदभाई जिना चढून दारात आले होते. पोटच्या मुलाला त्यांनी त्यांच्याच गादीवर उताणा पडलेला पाहिला.

"गादीला काय झालं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अब्बा," इरफान झोपल्याजागी म्हणाला.

"मग चालू द्या." आणि ते माझ्या शेजारी खुर्चीवर बसले.

पलीकडे सगळे हसत होते, आम्ही हसत होतो, पूजा हसून गादीवरच बसली होती. मग हेलननं हसू आवरलं आणि विचारलं, "मिसेस सोनकांबळे, अहवाल बाजूला ठेवा. पहिला भाग ज्याच्याकडे आहे त्यानं हा दुसरा घ्यावा का?"

इरफाननं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रशीदभाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण मुलाचा चेहरा वाचता येत होता. हो म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "आत्ता आहे तसा नको. चड्ड्या नव्या आहेत, धूर जास्त आहे, बाकी सगळं तेच. बायकांचे सामने तर पहिल्यापेक्षा कमी केलेत. तुमचे प्रेक्षक घंटेपासून शेवटपर्यंत एकाच आवाजात ओरडतात. खऱ्या मैदानात लोक आधी गप्प होतात. या खेळात मला नवीन अशी एकच गोष्ट सापडली, आणि ती आमची चूक आहे. एका खांद्यावर सगळं अवलंबून असलं की माणूस खुर्चीतून उठतो. मी उठले."

 हेलननं काहीतरी लिहून घेतलं, आभार मानले आणि पडदा काळा झाला.

"काय म्हणाल्या मॅडम?" रशीदभाईंनी इरफानला विचारलं.

"घेऊ नका म्हणाल्या," इरफान म्हणाला.

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. "गिऱ्हाइकाला माल घेऊ नका म्हणून सांगितलं?"

"खराब कापूस तुम्ही विकता का?"

"तौबा," ते म्हणाले. आणि मग उठता उठता, "पण मी असं बोलून बी दाखवत न्हाई."

ते दिवस जाता जात नव्हते. इरफान रोज सकाळी खाली दुकानात थोडा वेळ बसायला लागला. सवय असावी म्हणून, असं म्हणायचा. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात उत्तर आलं. मुख्य सामन्यात तीनची मोजणी परत आणली होती. पण आमची चूक त्यांनी वेगळा प्रकार म्हणून खेळात ठेवली होती. हवा असेल त्यानं निवडावा. त्या प्रकारात शेवटच्या क्षणी प्रेक्षक गप्प होत होते. बायकांच्या सामन्यांबद्दल "विचार करू" एवढंच होतं. आणि शेवटच्या ओळीत पुढच्या वर्षीच्या कामाचा करार.

इरफान जिन्यावरून उड्या मारत खाली गेला. रशीदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तू आता खाली येत न्हाईस," ते म्हणाले.

"न्हाई अब्बा."

"मग गाद्या कोण भरंल?" असं म्हणून त्यांनी गल्ल्यातून मिठाईला पैसे काढले.

तर मुलांनो, हे एवढं झालं. बायकांच्या सामन्यांचा विचार त्यांनी अजून संपवलेला नाही. तो दोष पूजानंच पकडला होता; मी तो दरवर्षी पुन्हा लिहिते आणि दरवर्षी वर्ग पहिलाच टाकते. पूजा आता लातूरला शाळेत खेळ शिकवते. तिसऱ्या भागात आमचा तो प्रकार त्यांनी काढून टाकला, फार कमी लोक निवडत होते म्हणे. रशीदभाईंनी कापूस पिंजायचं यंत्र घेतलं आणि दोन माणसं ठेवली. वरचं ऑफिस चालू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे असते.